उभं राहून वाजवलं तर?

मुलांनो, पेडल स्टील गिटार चार पायांच्या टेबलासारखी असते. वादक खुर्चीवर बसतो. डाव्या हातातली गुळगुळीत पोलादी कांडी तारांवर सरकवायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या, पायांनी पेडल दाबायची, गुडघ्यांनी दांडे ढकलायचे! सगळं अंगच कामाला.

हे सांगताना वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, उभं राहून वाजवलं तर?" सगळे हसले. ती खाली मान घालून बसली.

खरंच, उभं राहिलं की भार पायांवर. मग पेडल कोण दाबणार? पण अमेरिकेतल्या ज्युनिअर ब्राउनने १९८५ साली साधी गिटार आणि बिनपेडलची स्टील गिटार एकाच वाद्यात आणली. तो ती स्टँडवर ठेवून उभ्यानेच वाजवतो! तेव्हा कुणी हसलं, तरी वर केलेला हात खाली घेऊ नका हं!