ताडपत्रीखालची गाडी

गोव्यातल्या कुठल्याही गावातून फेरी मारा, दोन गोष्टी हमखास दिसतील. एक म्हणजे कुलूप लावलेले घर आणि दुसरी ताडपत्रीखाली झाकलेली गाडी. मालक आखातात, बोटीवर नाहीतर विलायतेत. गाडी वर्षातला एक महिना धावते आणि उरलेले अकरा महिने मालकाची वाट पाहते.

आमच्या पेडण्याकडच्या घरीही अशी एक गाडी आहे. धाकट्या भावाची, २००८ सालची अल्टो. तो मस्कतला असतो. जानेवारी २०२० मध्ये जाताना त्याने बॅटरीची वायर सोडवली, गाडीवर प्लॅस्टिकचे कव्हर घातले आणि अंगणाला थोडा उतार म्हणून हँडब्रेक करकचून ओढला. चतुर्थीला यायचेच होते. पण मार्चमध्ये सगळेच बंद झाले. २०२० ची चतुर्थी त्याच्याविना गेली, २०२१ चीही गेली. गाडीने दोन पावसाळे जागच्या जागी काढले. आणि आमचा पावसाळा म्हणजे थोडाथोडका नव्हे, वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर! त्यात किनारा जवळ, वाऱ्यालाही खारटपणा.

ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला. "दादा, विकून टाक ती गाडी. उगाच सडतेय." एक गिऱ्हाईक आले, त्याने ढकलून पाहिले. गाडी इंचभरही हलली नाही. "ब्रेक धरलेत," म्हणत त्याने भंगाराचा भाव सांगितला. आई दारात उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर एवढेच म्हणाली, "गाडी गेली की मग तो पाहुण्यासारखा यायचा."

विकायची की ठेवायची हे पुढचे पुढे, आधी ती हलली पाहिजे, असे मी ठरवले आणि गावातल्या मेस्त्रीला बोलावले. शेजारच्या काकांनी तोवर दोन उपाय सुचवले होते. चाकात खोबरेल तेल सोडायचे, नाहीतर दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढायचे. मेस्त्रीने दोन्हीला मान हलवली. "बळ करूं नाका," म्हणाला आणि जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली शिरला.

मी कलाशाखेचा पदवीधर, आयुष्य सरकारी कचेरीत फायली पुढे सरकवण्यात गेले. पण त्या सकाळी मेस्त्रीने जे समजावले ते कुणालाही कळावे इतके सोपे होते. अशा गाड्यांच्या मागच्या चाकांत बिडाचा ड्रम असतो. हँडब्रेक ओढला की एक केबल आतले दोन शू त्या ड्रमवर दाबून धरते. दमट हवेत ड्रमला गंज चढतो, शूचे अस्तर त्याला चिकटून बसते आणि दोघे एकजीव होतात. केबलही आपल्या नळीत गंजते. मग आपण दांडा खाली केला तरी आतली पकड सुटत नाही. पुढच्या चाकांत डिस्क असते, तिच्यावरचा गंज वरवरचा असेल तर थोडे चालल्यावर घासून जातो. अडतो तो पिस्टन. प्लॅस्टिकच्या कव्हरने पाऊस अडतो, पण जमिनीतून येणारी ओल आतच कोंडते, हे मला नवीनच होते.

त्याने आधी केबल सैल केली. मग दुसरी बॅटरी जोडून गाडी चालू केली आणि गियरमध्ये घालून हलकेच एकदा पुढे, एकदा मागे असा झोका दिला. डावे चाक 'खट्' करून सुटले. उजवे सुटेना. मग जॅक लावला, चाक काढले, ड्रमच्या कडेने हातोडीचे बेताचे ठोके देत तो उतरवला. आत पाहिले तर एका शूचे अस्तर पत्र्यापासून सुटून ड्रमलाच चिकटून राहिले होते. गाडी दोराने ओढली असती तर कदाचित निघालीही असती आणि आम्ही खूश झालो असतो. पण त्या चाकाला ब्रेक म्हणून काही उरलाच नसता. आमच्या घरापासून मोठा रस्ता गाठायचा तर तीव्र उतार आहे, आणि उताराच्या टोकाला वळण.

आतली भुकटी त्याने फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला वाईट. ड्रम पॉलिश पेपरने घासला, दोन्ही बाजूंचे शू नवे घातले. व्हील सिलिंडरचे रबर झिरपत होते, तेही बदलले. खोबरेल का नको, तेही तेव्हाच कळले. अस्तराला तेल लागले की ब्रेक धरतच नाही. शेवटी ब्रेक ऑइल काढले, ते चहासारखे काळपट झाले होते. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. मग ते लवकर उकळते, आतून गंजही धरवते. म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ते बदलायचे.

पहिली चाचणी सपाट वाटेवर घेतली, उतारावर नाही. दहा किलोमीटर जाऊन आल्यावर त्याने चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एखादे चाक जास्त तापले असते किंवा गाडी एका बाजूला ओढली असती, तर ब्रेक अजून धरतोय असे समजायचे.

त्या रात्री भावाला फोन केला. त्याने विचारले, "किती येतील?" मी म्हटले, "गाडी चालते, ब्रेक लागतात. किंमत तू येऊन ठरव." २०२२ च्या चतुर्थीला तो आला, माटोळीचे सामान त्याच गाडीतून आणले. विकण्याचा विषय कुणीच काढला नाही.

तर परदेशी जाणाऱ्यांना आणि त्यांच्या गाड्या सांभाळणाऱ्यांना एवढेच सांगणे. गाडी सपाट जागी ठेवा, हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गियरमध्ये ठेवा आणि चाकांना पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावा. हवा खेळेल असे कापडी आच्छादन घाला. आणि किल्ली घरातल्या कुणाकडे तरी देऊन जा. पंधरा दिवसांनी गाडी चार पावले पुढे-मागे झाली तरी पुरते. आमच्याकडे आता हे काम रविवारी होते. आईला देवळापर्यंत नेतो आणि परत आणतो. भाऊ फोनवर आधी आईची चौकशी करतो, मग गाडीची.