वरचा हुकूम, खालची खबर

आमच्या घरात मशवरा बसला की बायका स्वयंपाकघरात आणि मुले गच्चीवर, अशी रीत होती. २०१६ मध्ये सांगलीच्या नानांच्या घराच्या वाटणीवरून अब्बा आणि मामू यांचे बिनसले, तेव्हाही असेच झाले. घर अम्मीच्या माहेरचे, वाटा अम्मीचा, पण तिला काय हवे हे कोणी विचारले नाही. दोघांचे आवाज चढले आणि साताऱ्याहून सांगलीला जाणारे ईदचे डबे बंद झाले. पुढे फोनही थांबले. उरली एकच खिडकी, आणि ती मोठ्यांच्या खिजगणतीतही नव्हती. ती म्हणजे आम्हा भावंडांचा मोबाइलवरचा क्लॅन.

ज्यांच्या घरात हा खेळ शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा फिनलंडच्या सुपरसेल कंपनीने २०१२ मध्ये आणलेला डावपेचांचा खेळ. प्रत्येकाचे एक गाव असते, त्याला तटबंदी आणि तोफा असतात. एकट्यानेही ते गाव सांभाळता येते, पण खरी मजा क्लॅनची. एका क्लॅनमध्ये जास्तीत जास्त ५० जण. त्यात चार दर्जे : मेंबर, एल्डर, को-लीडर आणि सर्वांच्या वर एकच लीडर. लढाई चालते दोन दिवस. २३ तास तयारीचे आणि २४ तास हल्ल्यांचे. प्रत्येकाला फक्त दोन हल्ले मिळतात. समोरच्या एका गावावर जास्तीत जास्त तीन तारे. एकाच गावावर दोघे गेले तर जो चांगला तोच निकाल धरला जातो, दुसऱ्याची मेहनत पाण्यात. म्हणून कोणी कोणत्या नंबरवर जायचे हे आधी चॅटवर ठरवावे लागते. ताकद कमी असलेले क्लॅनही बोलून जिंकतात आणि ताकदवान क्लॅन न बोलल्यामुळे हरतात.

आमच्यात साताऱ्याची आणि सांगलीची चुलत, आते, मामे भावंडे होती, शिवाय त्यांचे वर्गमित्र. मी सर्वांत मोठी, सर्वांची आपा, म्हणून लीडर मीच. माझा सख्खा भाऊ को-लीडर. खेळावर पैसे कोणी खर्च करायचे नाहीत हा आमचा पहिला नियम. रमजानमध्ये लढाई अशा वेळी लावायची की शेवटचे तास तरावीहनंतर यावेत. सांगलीच्या बिगरमुस्लिम मित्रांनीही कधी त्याबद्दल कुरकुर केली नाही.

खरे सांगायचे तर मला ते पद फार आवडायचे. घरात माझे मत कोणी विचारत नव्हते. इथे मी यादी टाकायची आणि पंधरा जण त्याप्रमाणे चालायचे. यादीच्या शेवटी मी लिहायचे, "बदल होणार नाही."

ऑगस्ट २०१९ ची गोष्ट. साताऱ्यात आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. शाळांना सुट्टी होती, वीज येत-जात होती, त्यामुळे सगळे मोबाइलला चिकटलेले. सोमवारी संध्याकाळी हल्ल्यांचे तास सुरू झाले. मामूंच्या धाकट्याला मी चार नंबर दिला होता. वय पंधरा, पण आमच्यातला सर्वांत सफाईदार हल्ला त्याचाच. मंगळवारी, ६ तारखेला, संध्याकाळी लढाई संपली. आम्ही दोन ताऱ्यांनी हरलो, आणि त्याचे दोन्ही हल्ले तसेच पडून होते.

मी चिडले. लीडरला एक बटण असते. त्याने माणूस क्लॅनबाहेर जातो आणि जाताना त्याला एक निरोप लिहिता येतो. मी लिहिले, "ज्याला जबाबदारी कळत नाही त्याला इथे जागा नाही." सगळ्यांच्या चॅटवर ओळ उमटली की आपाने त्याला काढले. कोणी एक शब्द बोलले नाही. त्या शांततेला मी संमती समजले.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सांगली दिसू लागली. कोयना आणि कृष्णा आमच्या जिल्ह्यातून वाहतात, कराडला भेटतात आणि मग सांगलीला जातात. साताऱ्यातला पाऊस पुढे सांगलीकरांच्या उंबऱ्यावर उतरतो, हे शाळेच्या भूगोलात आम्ही शिकलो होतो. तरी आमच्या छपरावर वाजणारा पाऊस मामूंच्या घराकडे निघाला आहे, हे माझ्या डोक्यात आले नाही. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांवर गेले, २००५ च्या पुरापेक्षाही वर. मामूंचे घर खणभागात. २००५ ची खूण भिंतीवर आहे, त्याच्या वर पाणी चढत नाही, असे ते नेहमी सांगायचे.

अम्मीने तीन वर्षांनी स्वतःहून मामूंचा नंबर लावला. फोन बंद. मुमानीचाही बंद. अम्मी माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या त्या खेळात तो पोरगा असतो ना? त्याला विचार." म्हणजे तिला आमची खिडकी माहीत होती. मी काय उत्तर देणार? ती खिडकी आदल्या रात्री मीच बंद केली होती. क्लॅनबाहेर काढलेल्याला चॅट दिसत नाही आणि लिहिताही येत नाही.

तेवढ्यात माझा भाऊ हळूच म्हणाला, "आपा, त्याने मंगळवारी फजरच्या सुमारास लिहिले होते. पाणी गल्लीत आले आहे, बॅटरी वाचवतोय, माझा नंबर दुसऱ्याला द्या."

"मग तू मला सांगितले का नाहीस?"

"मला वाटले तू वाचले असशील. आणि तू लिहिले होतेस, बदल होणार नाही."

चॅटवर सैन्य मागणाऱ्यांच्या ओळींची रांग असते. त्यात त्याची ओळ वर सरकून गेली होती. मी दिवसभर फक्त यादी पाहिली होती, चॅट नाही.

त्या रात्री क्लॅनवर मी पहिल्यांदा हुकूम न देता प्रश्न लिहिला, "सांगलीतल्या कोणाला मामूंच्या घरचे काही कळले आहे का?" मिरजेच्या एका मुलाने उत्तर दिले की उद्या शोधतो. गुरुवारी दुपारी त्याने कळवले की सगळे जण मिरजेत एका शाळेत आहेत, सुखरूप. त्याच्याच फोनवरून त्याने मामूंशी बोलणे करून दिले. अम्मी थोडे बोलली आणि काही न सांगता फोन अब्बांच्या हातात दिला. अब्बा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुले जेवली का?"

१२ ऑगस्टची बकरी ईद आम्ही साधीच केली. पाणी उतरल्यावर आम्ही खणभागात गेलो. बरोबर गाद्या, स्टोव्ह, औषधे, फावडी. घरात गुडघाभर गाळ होता. धाकटा नानांचे कपाट धूत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आपा, मी सांगितले होते ना." शाळेत फोन चार्ज झाल्यावर त्याने आधी खेळ उघडला होता, आम्हाला खुशाली कळवायला. तेव्हा त्याला माझा निरोप दिसला होता.

मी त्याला परत बोलावणे पाठवले. चार दिवस त्याने घेतले नाही. शेवटी माझ्या लक्षात आले की काढले सर्वांसमोर आणि माफी मागतेय एकट्याला. मग मी चॅटवर लिहिले की चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि काय चूक होती तेही लिहिले. त्या संध्याकाळी तो आला.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. यादी टाकण्याआधी कोणाला जमणार हे विचारायचे. खेळात प्रत्येकाला लढाईसाठी हजर की नाही हे आधी ठरवण्याची खूण असते, ज्याला अडचण त्याने ती लाल करायची, कारण द्यावे लागणार नाही. निरोप वाचला की "मिळाले" लिहायचे, नाहीतर तो पोचला नाही असे धरायचे. वाचणाऱ्याने तो पुढे सांगायचा, लीडरने वाचला असेल असे समजायचे नाही. आणि हरलेल्या रात्री कोणाला काढायचे नाही. एक दिवस थांबून आधी त्याचे ऐकायचे. "बदल होणार नाही" ही ओळ मी कायमची पुसली.

मला सर्वांत जास्त बोचले ते हे की अम्मीला न विचारता निर्णय घेणाऱ्या मोठ्यांवर मी मनातून रुसले होते, आणि हातात पद आल्यावर मीही तेच केले. हुकूम वरून खाली सहज जातो, उतारच असतो त्याला. खबर खालून वर यायची तर वरच्याला वाकावे लागते.

जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला. त्या वेळी लढाई सुरूच केली नाही. क्लॅनवर दर काही तासांनी धाकटाच लिहित होता : पाणी कुठे आहे, कोण कुठे हलले, कोणाचा फोन चालू आहे. तेव्हा तो को-लीडर होता. मामूंची माणसे या खेपेला पाणी गल्लीत यायच्या आधीच बाहेर पडली, आणि साताऱ्यात अम्मीला ते लगेच कळले.

वाटणीचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. पण मागच्या वर्षी दोन्ही घरे त्यासाठी बसली, तेव्हा अब्बांनी स्वयंपाकघराकडे पाहून अम्मीला हाक मारली. ती येऊन बसली. तिने काय सांगितले ते घरचे आहे, इथे लिहित नाही.

आता आम्ही सगळे नोकरी-संसारात आहोत, खेळ कमी झाला आहे. सवय मात्र राहिली. मुमानी धाकट्याला भाजीची यादी पाठवते, तरी तो उत्तर लिहितो, "मिळाले."