बंद दारापुढील प्रेक्षक

हॉकी म्हटली कीं आपल्याकडे ध्यानचंदांचें नांव ओठांवर येतें व डोळ्यांपुढें गवताचें मैदान उभें राहतें. अमेरिकेंत त्याच शब्दानें बर्फाची लादी, पोलादी पात्यांचे बूट आणि रबराची काळी चकती लोकांस आठवते. या दुसऱ्या हॉकीची तेथील कहाणी आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. कारण एखादा खेळ लोकांच्या नित्याच्या बोलण्यांतून कसा निघून जातो, याचा इतका उघड दाखला क्वचितच सांपडतो.

खेळ मूळचा कॅनडाचा. नॅशनल हॉकी लीग ही संस्था १९१७ सालीं माँट्रिऑल येथें स्थापन झाली. १९४२ पासून १९६७ पर्यंत तींत अवघे सहा संघ होते. त्यांपैकीं बोस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट आणि शिकागो हे चार अमेरिकेंतले. सारींच कडक थंडीचीं शहरें! पुढें संघ वाढले. २२ फेब्रुवारी १९८० रोजीं लेक प्लॅसिड येथील ऑलिंपिकमध्यें अमेरिकेच्या हौशी तरुणांनीं बलाढ्य सोव्हिएट संघास ४-३ असें हरविलें, तेव्हां बर्फ कधीं न पाहिलेलीं घरेंही आनंदलीं. १९८८ सालीं वेन ग्रेट्स्की हा असामान्य खेळाडू एडमंटन सोडून लॉस एंजेलिसच्या संघांत आला. १९९४ च्या जूनमध्यें न्यूयॉर्क रेंजर्स या संघानें ५४ वर्षांनंतर स्टॅन्ले करंडक जिंकला, आणि 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' या सुप्रसिद्ध साप्ताहिकानें आतां बास्केटबॉलपेक्षां हॉकीचे दिवस आल्याचें मुखपृष्ठावर जाहीर केलें.

दिवस आले खरे. पण त्याच वर्षीं मालकांनीं टाळेबंदी पुकारली! खेळाडूंच्या वेतनास आळा घालावा हा त्यांचा हेतु. तो हंगाम ४८ सामन्यांवर आटोपला. २००४-०५ चा हंगाम तर संपूर्ण बुडाला. १९१९ सालीं इन्फ्लुएन्झाच्या सांथीमुळें अनिर्णित राहिलेला करंडक त्यानंतर प्रथमच कोणास मिळाला नाहीं. सांथीनें केलें तें माणसांनीं आपल्या हातानें केलें. २०१२-१३ सालीं तिसरी टाळेबंदी झाली व हंगाम पुन्हां ४८ सामन्यांचा उरला. न्याय कोणाच्या बाजूस होता याचा निवाडा आम्हांस करावयाचा नाहीं. मात्र या तंट्यांत ज्यास कोणीं विचारलें नाहीं तो प्रेक्षकच होता. २००५ नंतर ईएसपीएन वाहिनीवरून हा खेळ गेला व शिकार, मासेमारी आणि सायकलींच्या शर्यती दाखविणाऱ्या एका लहान वाहिनीवर जाऊन बसला. तो ईएसपीएनवर परतण्यास २०२१ साल उजाडलें.

दुसरी अडचण डोळ्यांची. चकतीचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि जोराच्या फटक्याचा वेग तासाला शंभर मैलांहूनही अधिक. आम्हीं हा खेळ पडद्यावरच पाहिला आहे. आणि पहिल्या दिवशीं गोल झाल्याचें आम्हांस प्रेक्षकांच्या आरोळीवरून कळलें. १९९६ सालीं फॉक्स वाहिनीनें चकतीच्या पोटांत यंत्र बसवून तिच्याभोवतीं पडद्यावर निळें तेजोवलय दाखविलें. जुन्या रसिकांस तो पोरकटपणा वाटला, आणि १९९८ सालीं प्रयोग थांबला.

तिसरी गोष्ट बर्फाची. मिनेसोटाचा संघ १९९३ सालीं डॅलसला, तर कॅनडांतील विनिपेगचा १९९६ सालीं फीनिक्सच्या वाळवंटांत गेला. तेथूनही २०२४ सालीं त्याचें बिऱ्हाड सॉल्ट लेक सिटीस हललें. उष्ण प्रदेशांत खेळ रुजतच नाहीं असें मात्र म्हणतां येत नाहीं. टॅम्पाच्या संघानें तीन वेळां करंडक जिंकला आहे. पण बास्केटबॉल खेळण्यास भिंतीवरचें एक कडें पुरतें. येथें मुलास बूट, काठी, अंगभर कवच आणि तासाच्या भाड्यानें मिळणारा बर्फ लागतो. जो खेळ मुलें दारापुढें खेळत नाहींत तो घरांतल्या गप्पांत शिरत नाहीं. २०१७ सालीं गॅलप संस्थेनें अमेरिकनांस आवडता खेळ विचारला, तेव्हां हॉकीचें नांव शेंकडा चारांनींच घेतलें.

म्हणून खेळ मेला असें कोणीं समजूं नये. आज बत्तीस संघ आहेत, क्रीडागृहें भरतात, आणि बापाच्या शेजारीं बसून मुलगा आपल्या संघाचीं गाणीं शिकतो. निष्ठावंतांस तोटा नाहीं. परंतु राष्ट्राचा खेळ ठरतो तो केवळ निष्ठावंतांच्या बळावर नव्हे. सहज डोकावलेला वाटसरूही त्यास लागतो. निष्ठावंत बंद दारापुढें रात्र काढतो व उजाडतांच रुसवा विसरतो. वाटसरू दार बंद दिसलें कीं पुढच्या घरीं जातो, आणि तेथें त्याचें स्वागत झालें तर मागें वळून पाहण्याचें त्यास कारणच उरत नाहीं.