चार गुंठ्यांचा आगेरा

मराठी भाषेत ‘निवृत्ती’ हा शब्द मोठ्या घराण्यातला आहे. प्रवृत्ती आणि निवृत्ती ही जोडी आपल्या तत्त्वचिंतनात शतकानुशतके चालत आली. ज्ञानदेवांनी ज्यांना गुरू मानले, त्या वडील बंधूंचे नावच निवृत्ती होते. असा हा शब्द पुढे सरकारी कचेरीत चाकरीला लागला आणि त्याचा अर्थ एका तारखेपुरता उरला. शाळामास्तराने ५८व्या वर्षी शाल-श्रीफळ घ्यावे आणि घरी जावे. आम्हा धर्मगुरूंच्या बाबतीत ख्रिस्तसभेचा कायदा जरा सबुरीने घेतो. प्रमुख धर्मगुरूने ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर आपला राजीनामा बिशपांकडे सादर करावा, असे तो सांगतो. आम्ही अद्याप पन्नाशीत आहोत. तरीही त्या तारखेकडे आताशा आमची नजर अधूनमधून जाते. म्हणूनच की काय, वसईतील आमच्या धर्मग्रामातल्या एका निवृत्त गृहस्थांचा दिनक्रम आम्ही गेली काही वर्षे आस्थेने पाहत आलो आहोत.

सारा गाव त्यांना मास्तर म्हणतो, आम्हीही म्हणतो. प्राथमिक शाळेत त्यांनी तीन पिढ्यांना बाराखडी शिकवली. पत्नीला देवाज्ञा होऊन सहा वर्षे झाली. एक मुलगा परदेशी, दुसरा मुंबईला. पहाटेच्या मिस्सेला डावीकडचा तिसरा बाक त्यांचा. मिस्सा संपली की दफनभूमीत एक फेरी, मग वर्तमानपत्र, मग वाडी. महिन्यातून एकदा बँक. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्या दिवशी बँकेतून परतताना ते हटकून आमच्याकडे डोकावतात. “फादर, तुम्ही या महिन्यात मृतांची नावे वाचता आणि सरकार जिवंतांची. सध्या तरी माझे नाव सरकारच्या यादीत आहे,” असे म्हणतात आणि स्वतःच हसतात. त्या हसण्यामागचे रिकामे घर आम्हाला ठाऊक असते, म्हणून आम्ही चहा जरा उशिराच मागवतो.

मास्तरांचे खरे वर्ष मात्र जानेवारीत सुरू होत नाही आणि जूनमधल्या शाळेच्या घंटेनेही नाही. ते आगेऱ्याच्या हिशेबाने चालते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येणारा हा आपला सुगीचा सण. नव्या भाताची कणसे वाजतगाजत मंदिरात आणायची, वेदीपुढे ठेवायची, आशीर्वादित झालेले कणीस घरोघर न्यायचे आणि त्याचे दाणे त्या दिवशीच्या अन्नात मिसळायचे. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही लॅटिनचे धडे गिरवीत होतो, तेव्हा शेताला ‘आगेर’ म्हणतात हे वाचून आम्हाला घरची आठवण झाली होती. जुन्या करारातील लेवीय पुस्तकात पहिल्या पेंढीच्या अर्पणाचा विधी सांगितला आहे. तो वर्गात शिकतानाही आमच्या डोळ्यांपुढे यरुशलेम नव्हे, गावचा बांधच उभा राहिला.

आमच्या लहानपणी कणसे कुठून आणायची, हा प्रश्नच नव्हता. मंदिराच्या पायरीवर उभे राहिले की तिन्ही बाजूंना भात दिसे. लाल लुगड्यांतल्या आज्या ओळीने येत, आजोबांच्या डोक्यावर लाल टोपी, पुढे बँड. वाडीवाडीला बावखल होते, त्यावर रहाट फिरे आणि त्याच पाण्यावर केळी, पानवेली व फुले पोसली जात. कुणाच्या घरी राजेळी केळ्यांची सुकेळी वाळत घातलेली असत. त्यांची राखण करणे आणि त्यांतली एखादी लांबवणे, ही दोन्ही कामे आम्हा मुलांकडेच असत. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. पण शेते ओसरायला त्याच्या कितीतरी आधीपासून सुरुवात झाली होती. आज आमच्या मंदिराच्या पायरीवरून इमारती दिसतात. त्यांतही आमचीच माणसे राहतात, तेव्हा इमारतींवर राग धरण्यात अर्थ नाही. आगेऱ्याची बहुतेक कणसे मात्र आता बाहेरगावाहून आणावी लागतात.

याला अपवाद मास्तरांचे चार गुंठे. जूनच्या आरंभी रोपे टाकायची, जुलैत लावणी आणि सप्टेंबरअखेर हळवे भात कापणीला. उत्पन्नाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचा व्यवहार. पण वेदीपुढच्या राशीत एक पेंढी गावच्या मातीतली असावी, हा त्यांचा हट्ट. गेल्या दोन वर्षांत गुडघ्यांनी साथ सोडली. मुलांचे म्हणणे असे, की जमीन विकावी आणि बाबांनी धाकट्याकडे मुंबईला यावे. मुले दुष्ट नाहीत. रोज रात्री फोन करतात, औषधांची चौकशी करतात. एकटा बाप रात्री न्हाणीघरात पडला तर काय, ही त्यांची भीती खरी आहे.

गेल्या वर्षी आगेऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मास्तर पेंढी घेऊन आले आणि ती टेबलावर ठेवून म्हणाले, “फादर, एक विचारू? बाजारातल्या कणसांना आशीर्वाद लागत नाही का?”

“लागतो, मास्तर. कणीस कुणी पिकवले हे आशीर्वाद विचारीत नाही.”

“मग मी कशाला चिखलात उतरतो?”

सेमिनरीतली सात-आठ वर्षे अशा वेळी फारशी उपयोगी पडत नाहीत. आम्ही गप्प राहिलो. थोड्या वेळाने तेच बोलू लागले. “या सप्टेंबरात चार दिवस पाऊस थांबेना. उभे पीक आडवे होणार म्हणून रात्री झोप नव्हती. पाचव्या दिवशी ऊन पडले आणि मी बांधावर उभा राहून रडलो. बाई गेल्यापासून एवढे रडलो नव्हतो. विकतच्या कणसासाठी कोण असा जागतो?”

उपकारस्तुतीवर आम्ही अनेक प्रवचने केली आहेत. परंतु ज्याने गमावण्याची भीती सोसली त्याचीच कृतज्ञता पुरी असते, हे इतक्या सरळपणे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी प्रवचनात आम्ही हा प्रसंग मास्तरांच्या परवानगीने, नाव न घेता सांगितला. अर्थात सगळ्या माना डावीकडच्या तिसऱ्या बाकाकडे वळल्याच.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वयोवृद्धांचा जागतिक दिन सुरू केला. पवित्र मरियेचे माता-पिता संत योआकिम व संत आन्ना यांच्या सणाच्या सुमारास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो येतो. आपण त्या दिवशी ज्येष्ठांना फूल देतो, गाणे म्हणतो, सामोसा देतो. हे चांगलेच आहे. पण मास्तर एकदा म्हणाले, “फूल मिळाले, फादर. काम मिळाले असते तर बरे झाले असते.” आम्हाला वाटते, आपल्या घरांतील निवृत्त माणसांचे दुःख बहुधा एवढेच असते. आपण त्यांना सांभाळतो, पण त्यांना काही विचारीत नाही. सण कसा करायचा, इंद्याल कसे शिजवायचे, अमुक शब्दाला आपल्या बोलीत काय म्हणतात, हे विचारायला नातवंडे येत नाहीत आणि मग ते ज्ञान दफनभूमीत जाते.

मास्तरांच्या जमिनीचा निकाल अजून लागलेला नाही. येत्या नाताळात दोन्ही मुलगे यायचे आहेत आणि ते आम्हालाही बोलावणार आहेत. आम्ही कुणाची बाजू घ्यावी, हे आम्हाला उमगलेले नाही. मुलांची भीती खरी आहे आणि बापाचे रडणेही खरे आहे. तिथे आम्ही एवढेच सुचवणार आहोत, की निर्णय काहीही होवो, येत्या जूनची पेरणी व्हावी. धर्मशिक्षणाच्या वर्गातील नऊ मुलांनी लावणीला येतो म्हणून नावे दिली आहेत. त्यांतल्या सहांनी आजवर चिखलात पाय घातलेला नाही. मास्तर बांधावर खुर्ची टाकून बसतील आणि ओरडतील. ओरडण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

बियाणे त्यांनी राखून ठेवले आहे. पेंढ्यात घट्ट बांधलेला छोटासा मुडा माळ्यावर उंदरांच्या भीतीने तारेला टांगलेला आहे. परवा आम्ही गेलो तेव्हा त्यांनी काठीने तो हलवून दाखवला.