पात्याला पाणी देताना

सुरी घडवायला शिकताना हातोडा सर्वांत आधी वश होतो. कोळशाची भट्टी, भात्याऐवजी ब्लोअर, ऐरण म्हणून रुळाचा तुकडा, सांडशी आणि किलोभराचा हातोडा एवढ्यावर हौशी माणसाचे काम सुरू होते. पोलाद नारिंगी-पिवळे आहे तोवर ठोकायचे, काळवंडू लागले की पुन्हा निखाऱ्यात. धारेची बाजू पातळ होत जाते तसे पाते पाठीकडे वाकते, म्हणून त्याला आधीच उलटा बाक देतात.

नवशिक्याला बहुधा भंगारातला ट्रकचा पाटा सुचवला जातो. कोयते करणारे लोहारही तोच वापरतात. त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. बांधकामाच्या सळईत तो याच्या निम्माही नसतो, म्हणून तिची सुरी धार धरत नाही. पाटा स्वस्त आणि चिवट असतो, त्यामुळे सल्ला रास्तच वाटतो.

खरी परीक्षा पाणी देताना. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्याहून वर, ८५० अंशांच्या आसपास, पाते सगळीकडे सारखे तापवून कोमट तेलात बुडवतात. कार्बन आतच अडकतो, पोलाद कडक होते आणि किंचित फुगते. पातळ धार आधी निवते, जाड पाठ मागाहून. या ओढाताणीत पाते वाकते, कधी तडकते. तडकताना ‘टिंग’ असा बारीकसा आवाज येतो आणि कित्येक दिवसांची मेहनत तेवढ्यात संपते.

त्याहून संतापजनक गोष्ट पाते मोडून पाहिल्यावर कळते. तुटलेल्या जागेचा काही भाग ताजा, करडा असतो आणि काही काळा पडलेला. काळा भाग म्हणजे तेलात जाण्याआधीपासूनची भेग. वर्षानुवर्षे ओझ्याखाली लवून पाट्यात अशा भेगा पडतात आणि गंजाच्या थराखाली त्या डोळ्यांना दिसत नाहीत. ट्रकने केलेल्या झिजेची किंमत शिकणाऱ्याने मोजायची, हा न्याय काही पटत नाही. तेव्हा मन लावून करायच्या सुरीसाठी घटक माहीत असलेली नवी पट्टी घ्यावी. कोळसा आणि श्रमांपुढे तिची किंमत फार नाही.

तरीही मोडलेल्या पाट्याइतके नवी पट्टी शिकवत नाही. तुटलेल्या जागी कण साखरेसारखे जाड दिसले, तर पोलाद जास्त तापले होते. बारीक, मऊ करडे दिसले, तर आच बरोबर होती. हे पाहायला पाते मोडावेच लागते, आणि महागाची पट्टी मोडायला हात धजत नाही.

न तडकलेल्या पात्यावर कानस घसरते. ते ठिसूळही असते, म्हणून लगेच २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोनदा शेकतात. घासलेल्या पात्यावर फिकट गवती रंग चढतो. मग पाते घासून पातळ करतात, मात्र हाताला चटका बसू लागला की पाण्यात बुडवून. नाहीतर धार पुन्हा नरम पडते. शिसवीची मूठ पितळी खिळ्यांनी बसवतात आणि धार शेवटी दगडावर लावतात.