दोनशे लिटर समुद्र, मुक्काम चिटगुप्पा

चिटगुप्प्याहून कुठलाही समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र प्रवासात जाते. तरी माझ्या पुतण्याने इथल्या घरात दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, क्लाउनफिशची जोडी सोडली आणि तो शिकायला हैदराबादेला निघून गेला. मासे मागे राहिले, पाणी सांभाळणारी यंत्रं मागे राहिली, आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं.

मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या समोरच समुद्र होता. इथे तो बादलीत कालवावा लागतो. त्यासाठी बोअरचं पाणी थेट घ्यायचं नाही, ही पुतण्याची पहिली अट. टीडीएस मीटरवर आमच्या बोअरचा आकडा पाचशेच्या पुढे जातो, पण त्यात नायट्रेट किती आणि चुना किती, हे मीटर सांगत नाही. म्हणून पाणी आधी आरओतून, मग डीआय रेझिनमधून गाळायचं. "काका, शून्य म्हणजे शून्य. एक दिसला की रेझिन बदला," हे तो दर फोनला बजावतो.

सागरी मीठ कालवून हजारी ३५ भाग खारटपणा आणणं सोपं. तो टिकवणं अवघड. उन्हाळ्यात खोली तापते आणि टाकी सव्वीस अंशांच्या आसपास ठेवायला पाण्यावर पंखा लावावा लागतो. पंख्याने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण भराभर आटतंही. आटतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. दिवसाला तीन लिटर आटले तर चार दिवसांत ३५ चे ३७ होतात. भर घालायची ती गोड्या पाण्याची, आणि ते काम फ्लोट स्विच करतो. एकदा त्या स्विचवर गोगलगाय चढून बसली. स्विच अडकला आणि मोटर गोडं पाणी ओततच राहिली. तेव्हापासून भरतीचं पिंप पुतण्याने मुद्दाम लहान ठेवलंय. स्विच बिघडला तरी पिंपभरच पाणी जाईल, टाकी बुडणार नाही. साधी युक्ती, पण सगळ्या यंत्रांत मला तीच जास्त आवडते.

खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरची गोष्ट वेगळी. शुद्ध पाण्याचा थेंब टाकून रेघ शून्यावर आणा, असं त्याच्या सूचनापत्रात असतं. पण शून्यावर खरा ठरलेला मीटर ३५ वर खोटं बोलू शकतो. ३५ लाच तपासायचा तर ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवायचं. हे द्रावण ३५ च्या समुद्री पाण्याइतकाच प्रकाश वाकवतं. मीठ पुतण्याने सराफाच्या काट्यावर तोलून आणलं. सराफ हसला असेल, पण मीटर दोन भागांनी चुकत होता हे त्या मिठाने दाखवलं. पीएच पेनचंही तसंच. त्याचं टोक कोरडं पडलं की आकडे भरकटतात, आणि आमच्या उन्हाळ्यात ते पडायला वेळ लागत नाही.

एका दुकानदाराने डोसिंग पंपाचाही आग्रह धरला होता. हा पंप कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची द्रावणं थेंबाथेंबाने सोडतो. पण ते खर्च करणार कोण? मुख्यतः दगडी प्रवाळ. भारतात २००१ साली ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले. आमच्या टाकीत प्रवाळ नाहीत, काचेवर थोडं गुलाबी शेवाळ आहे. तेवढ्याला चुन्याची निवळी पुरते. पीटर विल्केन्स या अभ्यासकाने १९७० च्या दशकात युरोपातल्या हौशी लोकांत हीच निवळी रूढ केली. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो, म्हणून ती रात्री थेंबथेंब द्यायची. रात्री शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थांबून टाकीचा पीएच तसाही उतरलेला असतो. पानपट्टीवरचा चुना मात्र नको. त्यात काय मिसळलंय, देव जाणे.

वीज गेली की फेसातून घाण काढणारा स्किमर आणि पंप बंद पडतात. त्या वेळी बॅटरीवरचा साधा एअर पंप चालू करायचा.

कोणाला ही हौस करायचीच असेल तर पैसे आधी आरओ-डीआय आणि रिफ्रॅक्टोमीटरवर घाला. मासे समुद्रातून धरून आणलेले नकोत, हॅचरीत वाढवलेले मागा. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने कधीच जमवली आहे. डोसिंग पंप दुकानातच राहू द्या.