लपणाच्या मेढी

कबुतरांच्या शिकारीसाठी शेताच्या कडेला जे लपण उभारावयाचे, त्यात शिकाऱ्याचे सारे लक्ष बहुधा जाळीकडे असते. जाळीचा रंग मागच्या झाडीशी जुळतो की नाही, तिच्या कातरलेल्या पानांतून उजेड कितपत पाझरतो, ती ओली झाल्यावर काळी पडते की काय, यावर तो तासन्‌तास बोलू शकतो. ज्या मेढींवर ही जाळी टांगावयाची त्यांच्याविषयी मात्र फारसे बोलणे होत नाही. चार काठ्या, त्यांत पाहावयाचे ते काय, अशी समजूत असते. आणि पहिला वारा सुटेपर्यंत ती टिकते.

हे लपण दक्षिण इंग्लंडच्या शेतीमुलखात सर्रास आढळते. हॅम्पशरच्या खडूच्या टेकड्यांवर गहू, जव आणि तेलमोहरी यांची मोठमोठी शेते कुंपणाच्या दाट झाडीने विभागलेली असतात. या शेतांवर उतरते ते वनकबुतर. देवळांच्या कोनाड्यांत घुमणाऱ्या पारव्याहून ते बरेच थोराड. वजन सुमारे अर्धा किलो, मानेच्या दोन्ही अंगांना पांढरा डाग, आणि उडताना पंखांवर लख्ख उमटणारा पांढरा पट्टा. पक्षी दिसावयास देखणा. परंतु त्याचा शेकड्यांचा थवा कोवळ्या तेलमोहरीवर बसला की पानांच्या शिरा तेवढ्या उरतात. १९७० च्या दशकापासून शरदात पेरावयाच्या या पिकाचे क्षेत्र त्या देशात झपाट्याने वाढले, आणि ज्या हिवाळ्यात पूर्वी कबुतरे उपासमारीने मरत त्याच हिवाळ्यात त्यांच्यापुढे हिरवे ताट वाढले जाऊ लागले. शेतकरी मग बंदूकवाल्याला बोलावतो. बंदूकवाला शेतात प्लॅस्टिकची खोटी कबुतरे वाऱ्याकडे तोंड करून मांडतो, आणि स्वतः जाळीआड बसून खऱ्यांची वाट पाहतो.

चार मेढींचे काम मराठी मुलखातील शेतकऱ्यालाही अपरिचित नाही. ज्वारी हुरड्यावर आली की तो शेतात माळा घालतो, बाभळीच्या बेचक्यांवर आडवी लाकडे टाकतो, आणि त्यावर उभा राहून गोफण फिरवीत आरोळ्या देतो. परंतु राखणदार दिसावा, त्याचा आवाज पोचावा, हाच माळ्याचा हेतू. लपणाचा हेतू नेमका उलटा. माळ्यावरचा माणूस पाखरांना सांगतो, की मी येथे आहे, निघा; लपणातला सांगतो, की येथे कोणीही नाही, या. गंमत अशी, की वाघाच्या शिकारीसाठी उंचावर बसण्याची रीत इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलली आणि ‘मचाण’ हा शब्दही आपल्या कोशात नेऊन ठेवला. घरच्या शेतात कबुतरासमोर मात्र ते जमिनीवरच दडून बसले.

हेतूतील या फरकामुळे मेढीची पारखही बदलते. माळ्याच्या मेढीला भार पेलावा लागतो. लपणाच्या मेढीला वारा पेलावा लागतो. जाळीला वजन असे काहीच नसते, पण ती ताणून बांधली की तिचे शीड होते, आणि उघड्या टेकडीवर शिडाला जे भोगावे लागते ते सारे मेढीच्या माथी येते. मेढ लवली की जाळी झोळीसारखी सैल पडते, फडफडते. कबुतराचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, आणि स्थिर वस्तूपेक्षा हलणारी वस्तू त्याच्या नजरेत आधी भरते. चाळीस पावलांवरून ते बहुधा माणसाला पाहून परतत नाही. हलणाऱ्या जाळीला पाहून परतते. उत्तम रंगाची जाळी अशी कुचकामी ठरते आणि दोष जाळीच्या पदरी पडतो.

त्या टेकड्यांवर सत्तरी ओलांडलेला असा एक शिकारी आहे, की ज्याच्याकडे मेढींच्या दोन मोळ्या असतात. एक लाकडाची, एक लोखंडाची. लाकडाची मोळी तो स्वतः जमवितो. जानेवारीत, झाडातला रस उतरलेला असताना, तो शेतामागच्या हेझलच्या राईत शिरतो. हेझल जमिनीलगत तोडले तरी मरत नाही. उसाच्या खोडव्यासारखे ते बुंध्यातून पुन्हा फुटते, आणि सात ते दहा वर्षांत त्याच बुंध्यावर सरळसोट फोकांचा झुबका उभा राहतो. इंग्लंडमध्ये शतकानुशतके कुंपणाचे ताटवे आणि वेलींचे आधार याच फोकांतून निघाले. म्हाताऱ्याची निवड मोठी चोखंदळ. बुडाशी मुठीत जेमतेम मावेल आणि शेंड्याशी अंगठ्याहून थोडा जाड असेल असाच फोक त्याला हवा. तो फोक गुडघ्यावर टेकवून वाकवितो. सोडल्यावर जो लगेच सरळ होतो तो ठेवतो, जो विचार करीत बसतो तो टाकतो. लांबी सहा फूट. त्यातील दीड फूट जमिनीत जावयाचे. उरलेले बसलेल्या माणसाच्या डोक्याला पुरते. साल तो कधीही काढीत नाही, कारण सोललेले लाकूड पांढरेफटक दिसते आणि दुरूनच चुगली करते.

शेंड्याला नैसर्गिक बेचके असेल तर जाळी अडकविण्याची सोय होते, आणि नवशिका अशा बेचक्यावर लगेच भाळतो. येथेच खरी परीक्षा असते. दोन फांद्या एकमेकींना चिकटून अरुंद कोनात वर गेल्या असतील, तर त्यांच्या सांध्यात साल दबून राहिलेली असते; लाकूड लाकडाला मिळालेलेच नसते. असे बेचके दिसते घट्ट, पण ताण पडताच मधोमध चिरते. याउलट ज्या बेचक्याचा तळ वाटीसारखा गोल असतो, त्यात दोन्ही फांद्यांचे तंतू एकजीव झालेले असतात. माळ्यासाठी बाभूळ पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे कोणी सांगावे लागत नाही.

इतर झाडांची त्याची पारख थोडक्यात सांगण्याजोगी आहे. एल्डर हाताशी सर्वत्र असते, पण त्याच्या कोवळ्या फांदीच्या पोटी नुसता भुसभुशीत गर. ती लवण्याआधी मोडते. ॲश हे अवजारांच्या दांड्यांचे लाकूड, चिवटपणात त्याला तोड नाही. परंतु २०१२ साली ब्रिटनमध्ये ॲशवरील बुरशीजन्य रोग आढळला, आणि तेव्हापासून रोगट झाडाच्या ठिसूळ लाकडाची धास्ती वाटते. चेस्टनट जमिनीत वर्षानुवर्षे कुजत नाही, म्हणून कायमच्या लपणाला ते उत्तम. वाळुंज मात्र मेढीसाठी घेऊ नये. ओल्या मातीत ओली काठी रोवून विसरले तर ती मुळे धरते, पाने फोडते, आणि शिकाऱ्याची जागा पुढील शिकाऱ्यांसाठी जाहीर करून ठेवते.

लोखंडी मेढी दुकानात मिळतात. एका नळीत दुसरी नळी सरकणारी, खाली अणकुचीदार टोक, त्याच्या वर पायाने दाबावयाची पट्टी, माथ्यावर वळविलेले बेचके. त्यांची सोय निर्विवाद आहे. जमिनीच्या चढउतारानुसार उंची कमीजास्त करता येते आणि पाच मेढी एका पिशवीत मावतात. ॲल्युमिनियमच्या आणखी हलक्या, पण पातळ नळी सांध्याशी वाकते, आणि एकदा वाकलेली नळी पुन्हा सरकत नाही. म्हातारा दुकानात मेढ पूर्ण लांबवितो, टोक फळीवर टेकवितो आणि माथ्यावर तळहात ठेवून अंगाचा भार देतो. सांधा बोटभर जरी खाली घसरला, तरी तो ती निमूटपणे परत ठेवतो. मळसूत्र फिरविताना तो हातमोजा काढीत नाही, कारण जानेवारीच्या पहाटे ते बधिर बोटांनीच फिरवावयाचे असते. रंगाचा पोपडा निघून धातू उघडा पडला की तेथे ऊन चमकते. त्यासाठी चिखलाइतका स्वस्त आणि गुणकारी रंग दुसरा नाही.

पारखून घेतलेली मेढही वाईट रोवली तर निकामीच. खडूच्या या जमिनीत गारगोट्या दडलेल्या असतात, आणि लाकडाची अणी त्यांवर आपटली की वरपर्यंत उभी चीर जाते. म्हणून आधी पहारीने भोक पाडावयाचे, मग त्यात मेढ बसवावयाची. माथ्यावर हातोडा मारावयाचा नाही. पुढच्या कोपऱ्यांच्या मेढी किंचित बाहेरच्या बाजूला कललेल्या ठेवल्या की जाळी आपसूक ताठ राहते. चार जाड मेढींपेक्षा पाच मध्यम मेढी बऱ्या. दोहोंमधले अंतर कमी झाले की जाळीचे पोट फुगत नाही. एवढे झाल्यावर म्हातारा लपणाबाहेर जाऊन शेतात शंभर पावले चालतो आणि वळून पाहतो. ही शंभर पावले बहुतेक शिकारी चालत नाहीत.

या साऱ्या काटेकोरपणामागे एक जुनी दुपार आहे. फेब्रुवारीतील वाऱ्याचा दिवस, लपण घाईने उभारलेले, आणि कोपऱ्यातील मेढीचे बेचके असेच अरुंद कोनाचे. कबुतर पंख आवरून खोट्या कबुतरांत उतरू लागले तेव्हा तो उठला, आणि त्याच क्षणी बेचके चिरून जाळी खाली आली. पक्षी बिचकून वळला. गोळी अर्धा क्षण उशिरा सुटली. छऱ्यांनी पंख मोडला, जीव गेला नाही. कबुतर जमिनीवर पडले आणि फडफडत कुंपणाच्या काट्यांत शिरले. कुत्र्याने आणि त्याने अंधार पडेपर्यंत शोधले. ते सापडले नाही. नेम चुकून पक्षी निसटणे हा शिकारीचा रोजचा भाग आहे आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. जखमी होऊन निसटणे ही वेगळी गोष्ट आहे, तिचा हिशेब शिकाऱ्याला नव्हे, पक्ष्याला चुकता करावा लागतो. खाली आलेली जाळी बंदुकीच्या नळीत अडकली असती तर हिशेब आणखी निराळा झाला असता. ती मेढ त्याने त्याच रात्री चुलीत घातली.

मुळात ही शिकार हवीच कशाला, हा प्रश्न बाहेरच्यांनीच विचारला असे नाही. १९६२ साली हॅम्पशरमध्येच मेजर आर्ची कोट्स यांनी एका दिवसात ५५० वनकबुतरे मारली होती. ते कबुतरांच्या शिकारीवरच उपजीविका करीत. त्या काळी सरकारही काडतुसांच्या खर्चातला वाटा उचलीत असे. १९६५ मध्ये आर. के. मर्टन यांचा वनकबुतरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्यातील संशोधनाने या उत्साहाला मोठाच धक्का दिला. किती कबुतरे हिवाळ्यातून तगतात हे त्यांना मिळणाऱ्या अन्नावरून ठरते. बंदुकीने मारलेल्या पक्ष्यांपैकी पुष्कळसे एरवीही भुकेने मेलेच असते, त्यामुळे हिवाळी शिकारीने एकूण संख्या घटत नाही, असे त्यांना आढळले. पुढे सरकारी मदत थांबली. वनकबुतर इंग्लंडमध्ये कायद्याने संरक्षित पक्ष्यांतच मोडते, आणि पिकाच्या रक्षणासाठी दिलेल्या सर्वसाधारण परवान्याखालीच ते मारता येते. एप्रिल २०१९ मध्ये पक्षिप्रेमींच्या कायदेशीर आव्हानानंतर हे परवाने रद्द झाले, आणि थोड्याच दिवसांत नव्या अटींसह पुन्हा देण्यात आले. त्या मधल्या दिवसांत म्हाताऱ्याने मेढींना तेल लावले.

मर्टन यांचा निष्कर्ष त्याला ठाऊक आहे, आणि त्यावर त्याचा वाद नाही. देशातील कबुतरे आपण कमी करतो, असे तो म्हणत नाही. हे शेत, आणि पीक टेकीला येईपर्यंतचे हे तीन आठवडे, एवढाच त्याचा दावा. दिवसभराच्या आवाजांनी थवा उडून टेकडीपलीकडे जातो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी तेलमोहरीवर उतरतो; माळ्यावरच्या गोफणीनेही दुसरे काय होते? फरक एवढाच, की गोफणीचा खडा सहसा कोणाला लागत नाही.

संध्याकाळी तो आधी जाळी उतरवितो, मग मेढी. मेढ सरळ उपसावयाची नाही. ती गोल फिरवीत सैल करावयाची, म्हणजे अणी आत मोडून राहत नाही. प्रत्येक भोक टाचेने बुजवितो, कारण पुढच्या महिन्यात येथे मेंढ्या सोडतात आणि कोकरांचे पाय बारीक असतात. मारलेली कबुतरे मांसाच्या व्यापाऱ्याकडे जातात, त्यांतील दोन घरी. शेतकरी फाटकापाशी आकडा विचारतो, हा सांगतो. त्यापलीकडे दोघांत बोलणे होत नाही. मोळी खांद्यावर घेऊन परतताना तो राईच्या कडेला थांबतो. तीन वर्षांपूर्वी तोडलेल्या हेझलच्या बुंध्यावर नवे फोक बोटाएवढे झाले आहेत. त्यांतील दोन सरळ आहेत, एकाला शेंड्याशी चांगले गोल बेचके फुटले आहे. मेढीजोगे व्हावयास त्यांना अजून पाच हिवाळे तरी लागतील.